ब्रेक पेडल खाली जातंय? आधी तेलाचा हिशोब मांडा

पाय नेहमीपेक्षा खोल जातो, शेवटी गादीवर दाबल्यासारखं लागतं आणि दोन-तीनदा पंप मारल्यावर कुठे ब्रेक धरतो. टाटा ४०७ किंवा तशाच तेलाच्या ब्रेकवर चालणाऱ्या जुन्या छोट्या ट्रकची ही नेहमीची तक्रार. त्यावर उपायही ठरलेला: एअर काढा, म्हणजे ब्रेकच्या पाइपात अडकलेली हवा बाहेर काढा. पण बिघाड दुसराच असेल तर नवं तेल वाया जातं आणि ब्रेक धोकादायकच राहतो.

हिशोब मिलिलिटरमध्ये मांडला की गोष्ट लगेच कळते. मास्टर सिलिंडरचा (पेडल दाबल्यावर तेल पुढे ढकलतो तो) व्यास २५ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ३० मिलिमीटर धरली, तर पेडल पूर्ण दाबल्यावर सुमारे १५ मिलिलिटर तेल पुढे जातं. म्हणजे जेमतेम तीन चमचे. एवढ्यातच चारही चाकांच्या ड्रममधले शू (घासणारे लायनर बसवलेले तुकडे) ड्रमला टेकवायचे आणि वर दाबही तयार करायचा. तेल ५० बार दाबाखाली अर्धा टक्काही आकसत नाही. हवा मात्र ३० बारला मूळ आकाराच्या तिसाव्या हिश्शाएवढी होते. पाइपात चमचाभर हवा शिरली, तर एकतृतीयांश धाव तिला चिरडण्यातच संपते.

आता दुसरी बाजू. चाकातला शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचा २८ मिलिमीटरचा पिस्टन लायनर झिजल्यामुळे १ मिलिमीटर जास्त सरकला, तर ०.६ मिलिलिटर तेल जास्त लागतं. आठ पिस्टनांचे मिळून झाले ५ मिलिलिटर, म्हणजे पुन्हा तोच चमचा. पेडल दोन्ही वेळा तेवढंच खाली जातं आणि पंप मारल्यावर दोन्ही वेळा वर येतं. त्यामुळे ‘पंप मारल्यावर येतो’ एवढ्यावरून निदान करू नये. फरक पायाला कळतो तो शेवटी: हवा असेल तर तळाशी स्प्रिंगसारखा उसळता मऊपणा लागतो, शू आणि ड्रममधला गॅप वाढला असेल तर पेडल खाली जाऊन दगडासारखं थांबतं. मऊपणा असूनही हवा सापडत नसेल, तर चाकाजवळचे रबरी होज पाहा. एकानं पेडल दाबावं, दुसऱ्यानं होज मुठीत धरावा. फुगलेला हाताला लगेच कळतो.

तिसरा प्रकार, तेलाची गळती, सर्वांत धोक्याचा. इंजिन बंद करा, पाच-सहा पंप मारून बूस्टरमधला (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यातला) व्हॅक्यूम संपवा आणि पेडल अर्धा मिनिट हलक्या पायानं दाबून धरा. हलक्याच, कारण जोरात दाबल्यावर मास्टरचे झिजलेले कपसुद्धा (पिस्टनवरची रबरी सीलं) भिंतीला घट्ट चिकटतात आणि दोष लपतो. पेडल हळूहळू खाली सरकलं तर तेल कुठेतरी पळतंय. टाकीतली पातळी उतरत असेल तर गळती बाहेर आहे: व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीची कड उचकटून आत ओल पाहा, टायरची आतली बाजू पाहा. जमिनीवर थेंब नसला तरी मास्टरचे नट सोडून तो जरासा पुढे ओढा. मागच्या सीलमधून तेल बूस्टरमध्ये मुरत असू शकतं. पातळी तेवढीच राहत असेल, तर तेल मास्टरच्या आतच कपांना ओलांडून मागे येतंय. खात्रीसाठी मास्टरची तोंडं योग्य आट्याच्या प्लगनं बंद करा. पेडल वरच्या वर घट्ट थांबलं तर मास्टर चांगला, दोष पुढे आहे. बूस्टर मात्र यात नाही: तो गेला की पेडल मऊ नाही, जड होतं.

घाट उतरतानाच पेडल मऊ पडत असेल, तर तेल उकळतंय. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, कोकणातल्या पावसाळ्यात तर भराभर. डॉट ३ या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू ताजेपणी किमान २०५ अंश सेल्सिअस, पाणी ३.७ टक्क्यांवर गेलं की किमान मर्यादा फक्त १४० अंशांची. वाफ झाली की ती हवेसारखीच चिरडली जाते. पेडल घट्ट लागूनही गाडी थांबत नसेल, तर लायनर तापलेत. तो आजार वेगळा. दोन्हींसाठी उतारावर आधीच खालचा गिअर टाकावा.

टाकीत चुकून इंजिन ऑइल पडल्याचा संशय आला तर ग्लासभर पाण्यात त्यातले दोन थेंब टाका. ब्रेक ऑइल विरघळतं, इंजिन ऑइल तवंग धरून तरंगतं. तवंग दिसला की सगळे कप, सील आणि होज बदलायचे, कारण ते रबर फुगून निकामी होतं.

खरोखर हवाच असेल, तर सहसा सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा: उजव्या हाताच्या स्टिअरिंगला मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. निपलला (व्हील सिलिंडरवरच्या हवा काढायच्या तोटीला) पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या तेलात बुडवा. दुसऱ्यानं पेडल दाबून धरलं की निपल पाव आटा सोडा. तो घट्ट केल्याशिवाय पेडल सोडू नका, नाहीतर तीच हवा परत आत. टाकी रिकामी पडू देऊ नका. आणि जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत कधीच दाबू नका, खाली लाकडी ठोकळा ठेवा. सिलिंडरच्या ज्या भागात पिस्टन वर्षानुवर्षं गेलेला नाही तिथे गंज आणि गाळ असतो. एकदाच तिथे घासले की चांगले कपही फाटतात, आणि एअर काढायला आलेला ट्रक मास्टर घालवून बसतो.

चाकांना लाकडं लावूनच खाली शिरा. ड्रममधली धूळ हवेच्या पाइपानं उडवू नका, जुन्या लायनरमध्ये फुप्फुसांना घातक अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. शेवटी इंजिन चालू करून पेडल मिनिटभर दाबून धरा, सांधे कोरडे आहेत ना पाहा आणि मोकळ्या मैदानात ताशी १५ किलोमीटरनं ब्रेक लावून बघा.