पेट्रोल किती दाब सोसतं?

"साधं टाकू की प्रीमियम?" पंपावरचा मुलगा नोझल हातात घेऊन उभा असतो, मागचा स्कूटरवाला हॉर्न वाजवत असतो आणि उत्तर द्यायला आपल्याकडे दोन सेकंद असतात. आमच्या शेजारचे काका अशा वेळी ठामपणे "प्रीमियम" म्हणतात. एरवी नाही, पण लांबच्या प्रवासाला निघताना हटकून. त्यांची छोटी हॅचबॅक नऊ वर्षांची आहे. "घाट चढायचाय, जरा चांगलंचुंगलं खाऊ दे तिला," असं त्यांचं म्हणणं. या बोलण्यात गाडीबद्दल खरी माया आहे, म्हणूनच हा विषय नीट उलगडून सांगावासा वाटतो. लिटरमागे सात रुपये जास्त धरले, तर पस्तीस लिटरच्या टाकीला २४५ रुपये जादा जातात. काकांसारखी असंख्य माणसं ते एका चुकीच्या समजुतीपायी मोजतात.

महाग पेट्रोलमध्ये जास्त जोर असतो, ही ती समजूत. प्रीमियमच्या नावाला चिकटलेले ९५, ९७, १०० हे आकडे तिला खतपाणी घालतात. हे आकडे ऑक्टेनचे आहेत आणि ऑक्टेन जोर मोजतच नाही. पेट्रोल दाबलं, तापवलं, तरी आपणहून पेट न घेता ते किती कळ काढतं, एवढंच त्यातून कळतं.

इंजिनात हे कसं घडतं ते पाहू. पिस्टन वर येतो तेव्हा सिलिंडरमधलं हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबून साधारण एक दशांश जागेत कोंबतो. सायकलला हवा भरताना पंप खालच्या बाजूला गरम लागतो, तसंच हे मिश्रणही दाबामुळे तापतं. मग प्लगची ठिणगी पडते आणि गवताला लागलेला वणवा सरकत जावा तशी ज्योत प्लगपासून भिंतींकडे पसरते. सगळा खेळ काही मिलिसेकंदांचा. पण ज्योत पोचायच्या आधी दूरच्या कोपऱ्यातलं न जळलेलं मिश्रण दोन्हीकडून कोंडीत सापडतं. मागे भिंत, पुढे फुगत येणारा जळता वायू. ते आणखी तापतं. कळ निघाली नाही, तर ज्योतीची वाट न बघता सगळं एकदम भडकतं. दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आपटतात आणि बाहेर आपल्याला पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा टणटण आवाज येतो. मेकॅनिक म्हणतात, इंजिन नॉकिंग करतंय.

आवाजापेक्षा वाईट गोष्ट आत होत असते. धातूला चिकटून तुलनेनं थंड वायूचा एक पातळ थर असतो, तो पिस्टनचं जळत्या वायूपासून रक्षण करतो. नॉकिंगच्या लाटा हा थर उधळून लावतात. हे वारंवार, जोरात होत राहिलं तर ॲल्युमिनियमच्या पिस्टनच्या कडा अक्षरशः कुरतडल्यासारख्या होतात.

मग कळ मोजायची कशी? १९२०च्या दशकात अमेरिकेत ग्रॅहम एडगर या रसायनशास्त्रज्ञानं दोन टोकं ठरवली. एका टोकाला हेप्टेन. सात कार्बनची सरळ साखळी, चटकन तुटणारी आणि चटकन भडकणारी. तिला शून्य. दुसऱ्या टोकाला आयसो-ऑक्टेन. आठ कार्बन, पण फांद्या फुटलेल्या, गोळा होऊन बसलेला घट्ट रेणू. त्याला शंभर. शुद्ध हेप्टेन तेव्हा कॅलिफोर्नियातल्या जेफ्री पाइन या झाडाच्या राळेतून मिळायचं. टर्पेंटाइन गाळणाऱ्यांनी चुकून या झाडाची राळ भट्टीवर चढवली की स्फोट व्हायचे, इतकं ते पेटायला उतावीळ.

पेट्रोलचा ऑक्टेन आजही एका सिलिंडरच्या खास इंजिनात मोजतात. चालू असतानाच त्याचा दाब कमीजास्त करता येतो. त्यात पेट्रोल घालून नॉकिंग मोजायचं आणि या दोन द्रवांच्या कोणत्या मिश्रणाशी ते जुळतं ते बघायचं. ९१ ऑक्टेनचं पेट्रोल म्हणजे ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेनच्या मिश्रणासारखं वागणारं पेट्रोल. आणि गंमत बघा, एक किलो हेप्टेन जाळलं तर त्याच वजनाच्या आयसो-ऑक्टेनपेक्षा किंचित जास्तच उष्णता मिळते. शून्यवाला शंभरवाल्यापेक्षा उष्णतेत कमी नाही!

ऑक्टेन वाढवण्याच्या ध्यासाची एक काळी बाजूही आहे. १९२१ साली जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांना दिसलं, की शिशाचं एक संयुग चिमूटभर घातलं तरी नॉकिंग थांबतं. त्यानंतर कित्येक दशकं जगभरच्या गाड्यांनी हवेत शिसं ओतलं आणि ते मुलांच्या रक्तात, मेंदूत गेलं. भारतात शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं, जगातल्या शेवटच्या देशात, अल्जेरियात, २०२१ साली. आपण पंपावर सहज वाचतो त्या आकड्यानं किती पिढ्यांकडून किंमत वसूल केली, हे लक्षात ठेवावं असं मला वाटतं.

जास्त कळ काढणारं पेट्रोल कुणाला लागतं? ज्यांचं इंजिन मिश्रण जास्त दाबतं त्यांना. जास्त दाबलं की त्याच पेट्रोलमधून जास्त काम निघतं. म्हणजे जोर इंजिनाच्या रचनेतून येतो, पेट्रोल त्याला फक्त साथ देतं. टर्बो इंजिनाच्या काही गाड्या, महागड्या परदेशी मोटारी, शर्यतीच्या घराण्यातल्या बाइक यांच्या मॅन्युअलमध्ये किमान ९५ किंवा त्याहून जास्त ऑक्टेन लिहिलेला असतो. तिथे काटकसर करू नये. आजकाल इंजिनावर नॉकिंगचा आवाज टिपणारा सेन्सर असतो. तो इशारा देतो आणि गाडीचा संगणक ठिणगी थोडी उशिरा पाडतो. त्यामुळे इंजिन वाचतं, पण पिकअप आणि ॲव्हरेज दोन्ही थोडं पडतं. उलट ९१साठी बांधलेल्या साध्या इंजिनात ९७ ओतलं, तर त्या जादा सहनशक्तीचं करायचं काय हेच त्या इंजिनाला ठाऊक नसतं. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संघटनेनं २०१६ साली हिशेब मांडला होता. साधं पेट्रोल चालणाऱ्या गाड्यांत प्रीमियम भरून तिथल्या लोकांनी वर्षभरात २१० कोटी डॉलर वाया घालवले होते.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या माणसांसाठी एक खुलासा. तिथे साध्या पेट्रोलवर ८७ दिसतं म्हणून ते इथल्या ९१पेक्षा हलकं ठरत नाही. तिथे दोन वेगळ्या चाचण्यांची सरासरी लिहितात, इथे त्यातल्या एकाच चाचणीचा आकडा, जो मोठा येतो. तिथलं ८७ म्हणजे इथलं साधारण ९१-९२.

आता आपल्याकडचा नवा मुद्दा, इथेनॉलचा. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांतूनही येणारं हे इथेनॉल भलतंच सोशिक आहे, त्याचा ऑक्टेन १०८च्या आसपास. २० टक्के इथेनॉल मिसळलं की साध्या पेट्रोलचा ऑक्टेनही ९५ होतो, असं पेट्रोलियम मंत्रालयानं २०२५मध्ये सांगितलं. तसं असेल तर ९५च्या आकड्यासाठी जादा पैसे मोजण्यात फारसा अर्थ उरत नाही. पण इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच असते, त्यामुळे ॲव्हरेज घटतं. जुन्या, ई२०साठी न बनवलेल्या मोटारींचं ६ ते ७ टक्के घटू शकतं, असा नीती आयोगाचा २०२१चा अंदाज होता. ऑक्टेन चढला आणि ऊर्जा उतरली, दोन्ही एकाच टाकीत. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, याचा याहून चांगला पुरावा मला सुचत नाही.

प्रीमियममध्ये सफाईची रसायनंही जास्त असतात, हे खरं. व्हॉल्व्हवर काजळी साचलेल्या जुन्या गाडीला त्यांचा थोडा उपयोग होतो. पण ज्या नव्या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, तिथे आत येणाऱ्या हवेच्या व्हॉल्व्हला पेट्रोलचा स्पर्शच होत नाही. मग ते धुणार कसं?

गेल्या हिवाळ्यात काकांबरोबर महाबळेश्वरला निघालो होतो. वाईच्या पंपावर मी त्यांना टाकीच्या झाकणाची आतली बाजू दाखवली. स्टिकरवर लिहिलं होतं, अनलेडेड, किमान ९१. काका चष्मा लावून दोनदा वाचून म्हणाले, "मग घाटात ठोके का मारते ही?" पसरणी घाट लागला आणि उत्तर मिळालं. पेट्रोल वाचावं म्हणून काका चढावरही चौथा गिअर सोडत नव्हते. इंजिन कमी फेऱ्यांवर, पूर्ण ओझ्याखाली कण्हत होतं आणि नॉकिंगला नेमकी हीच परिस्थिती लागते. "तिसरा टाका," मी म्हणालो. त्यांनी टाकला. दुसऱ्या वळणापर्यंत खिळ्यांचा डबा गप्प झाला होता, आणि टाकीत साधंच पेट्रोल होतं.