लैंगिक गुन्हेगार नोंदणी कायदे : अमेरिकेतील सुधारणेच्या वाटा

लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यक्तीने शिक्षा भोगून झाल्यावरही आपला पत्ता, कामाचे ठिकाण, गाडीचा क्रमांक आणि छायाचित्र ठरावीक मुदतीने पोलिसांकडे नोंदवत राहायचे, आणि त्यातला बराच तपशील संकेतस्थळावर कोणालाही पाहता यायचा, अशी व्यवस्था अमेरिकेच्या सर्व राज्यांत आहे. कॅलिफोर्नियात ही नोंद दरवर्षी वाढदिवसापासून कामाच्या पाच दिवसांत करावी लागते. ज्याला घरच नाही त्याला दर तीस दिवसांनी. दंडसंहितेच्या २९० व्या कलमावरून तिथे या लोकांना नुसते ‘टू-नाइन्टी’ म्हणतात. या कायद्यांची व्याप्ती कमी करण्यासाठी गेल्या वीसेक वर्षांत जे प्रयत्न झाले, त्यांचा विचार या लेखात केला आहे.

राज्यव्यापी नोंदवही सर्वांत आधी कॅलिफोर्नियाने १९४७ मध्ये सुरू केली. ती पोलिसांपुरती होती. १९८९ मध्ये मिनेसोटात जेकब वेटरलिंग या अकरा वर्षांच्या मुलाचे अपहरण झाले आणि १९९४ मध्ये त्याच्या नावाच्या संघीय कायद्याने प्रत्येक राज्याला नोंदवही ठेवणे भाग पाडले. त्याच वर्षी न्यू जर्सीत मेगन कांका या सात वर्षांच्या मुलीचा खून झाला. १९९६ च्या ‘मेगन कायद्या’ने नोंदवही जनतेसाठी उघडली. २००६ च्या अ‍ॅडम वॉल्श कायद्याने गुन्ह्यांचे तीन स्तर करून पंधरा वर्षे, पंचवीस वर्षे आणि आजन्म अशा मुदती ठरवल्या. मृत मुलाच्या नावाच्या कायद्याविरुद्ध मत देण्याची हिंमत क्वचितच कोणी आमदार करतो, ही सुधारकांची पहिली अडचण. वेटरलिंगची आई पॅटी या कायद्यासाठी सर्वांत जास्त झटली, आणि पुढे तिनेच तो फार पसरला, लहान मुलांनाही त्यात ओढले गेले, असे जाहीरपणे सांगितले. सुधारकांच्या बाजूने तिच्याइतके वजन दुसऱ्या कोणाच्या शब्दाला आले नसावे.

न्यायालयातली लढाई एकाच प्रश्नाभोवती फिरते : नोंदणी ही शिक्षा की नुसता नियम? शिक्षा ठरली, तर ती जुन्या गुन्ह्यांना भूतलक्षी प्रभावाने लावता येत नाही. २००३ मध्ये अलास्काच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ‘नियम’ असा कौल दिला. या निकालात, गुन्हा पुन्हा करण्याचा धोका ‘भयावह आणि मोठा’ असल्याचे शब्द आले. ते आदल्या वर्षीच्या निकालातून उचललेले होते, आणि तिथल्या ऐंशी टक्क्यांच्या आकड्याचा माग काढत गेले की १९८६ च्या एका लोकप्रिय मानसशास्त्रीय मासिकातल्या लेखातले, पुराव्याचा आधार नसलेले एक वाक्य हाती लागते. न्याय खात्याच्याच सांख्यिकी विभागाने १९९४ मध्ये सुटलेल्या ९,६९१ लैंगिक गुन्हेगारांचा मागोवा घेतला, तेव्हा तीन वर्षांत नव्या लैंगिक गुन्ह्यासाठी अटक झालेले ५.३ टक्के निघाले. अटक न झालेले गुन्हे यात नाहीत, हे खरे; पण ऐंशीपासून हे अंतर फारच मोठे आहे.

मग वकिलांनी डाव बदलला. २००३ चा निकाल चुकीचा आहे असे म्हणण्याऐवजी ‘तो कायदा आता उरलेला नाही, त्यावर इतकी ओझी चढली की त्याची जातच बदलली,’ असा युक्तिवाद ते करू लागले. मिशिगनमध्ये तो चालला. शाळेपासून हजार फुटांच्या आत राहणे, काम करणे किंवा रेंगाळणे तिथे मना होते. २०१६ मध्ये सहाव्या परिमंडळाच्या संघीय अपील न्यायालयाने (मिशिगन त्याच्या कक्षेत येते) निकालपत्रातच ग्रँड रॅपिड्स शहराचा नकाशा छापला. शाळांभोवतीचे पट्टे एकमेकांत मिसळून शहराचा मोठा भाग व्यापलेला त्यात दिसतो. कित्येक पानांच्या युक्तिवादाने साधले नसते ते त्या एका चित्राने साधले. न्यायालयाने याची तुलना हद्दपारीशी केली. निकाल लिहिणाऱ्या न्यायाधीश अ‍ॅलिस बॅचेल्डर उदारमतवादी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नव्हत्या, हेही महत्त्वाचे. राज्याने नवा कायदा केला. २०२१ पासून हे पट्टे गेले. पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तसाच कौल दिला. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नॉर्थ कॅरोलायनातली समाजमाध्यमांवरची सरसकट बंदी रद्द केली. त्या खटल्यातल्या माणसाचा अपराध एवढाच, की वाहतुकीचा दंड रद्द झाल्याच्या आनंदात त्याने फेसबुकवर देवाचे गुण गायले होते.

राहण्यावरच्या बंदीचा सर्वांत उघडा परिणाम मायामीत दिसला. मायामी-डेड परगण्याने शाळांपासून अडीच हजार फुटांचे अंतर घातल्यावर जागाच उरली नाही, आणि ज्युलिया टटल पुलाखाली नोंदणीकृत लोकांची वस्ती उभी राहिली. २०१० मध्ये ती उठवली. माणसे दुसरीकडे उघड्यावर गेली. पत्ता माहीत असावा म्हणून केलेल्या कायद्याने लोकांचा पत्ताच काढून घेतला, हा मुद्दा पोलिसांनाही पटतो.

विधिमंडळात यश मिळाले ते याच वाटेने. कॅलिफोर्नियात २०१७ पर्यंत जवळपास प्रत्येकाची नोंदणी आजन्म होती, आणि यादी लाखाच्या घरात गेली होती. ती बदलायला लॉस एंजेलिसच्या जिल्हा सरकारी वकील जॅकी लेसी पुढे आल्या. इतकी लांब यादी तपासाच्या कामाची नाही, असे त्यांचे म्हणणे. समलिंगींच्या हक्कांसाठी लढणारी ‘इक्वॅलिटी कॅलिफोर्निया’ही सोबत आली, कारण प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा होते त्या काळातले पुरुषही या यादीत दशकानुदशके होते. या कायद्याने १ जानेवारी २०२१ पासून दहा वर्षे, वीस वर्षे आणि आजन्म असे स्तर आले. पहिल्या दोन स्तरांतून नाव आपोआप निघत नाही. मुदत संपल्यानंतरच्या वाढदिवशी किंवा त्यानंतर अर्ज करायचा, आणि सरकारी वकिलाला आक्षेप घेता येतो. पूर्ण नोंदवहीच रद्द करा म्हणणाऱ्यांना ही तडजोड पचत नाही, पण आजवर फळ दिले आहे ते तडजोडीनेच.

अल्पवयीनांची बाब वेगळी. ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये आणि पेनसिल्व्हेनियाच्या न्यायालयाने २०१४ मध्ये मुलांवरची आपोआप लागणारी आजन्म नोंदणी घटनाबाह्य ठरवली. दुसरीकडे काही राज्यांनी गाजावाजा न करता २००६ चा संघीय कायदा पूर्णपणे अंमलात आणलाच नाही. तसे केल्यास एका संघीय अनुदानाचा दहा टक्के भाग कापला जातो. कॅलिफोर्निया आणि टेक्सासने तो कापू दिला.

बळी पडलेल्यांच्या संघटनांचा विरोध सगळीकडे सारखा नाही. त्यांतल्या काहींचे म्हणणे असे, की संकेतस्थळाच्या नकाशावर नोंदणीकृतांची घरे दाखवणाऱ्या ठिपक्यांकडे पाहताना घरातला धोका नजरेआड होतो. न्याय खात्याच्या २००० च्या अहवालानुसार पोलिसांपर्यंत पोचलेल्या प्रकरणांत ९३ टक्के अल्पवयीन बळींना अत्याचार करणारा आधीपासून माहीत होता.

ब्रिटनमध्ये नोंदवही जनतेसाठी खुली नाही, तरीही पुनर्विचाराची सोय नसलेली आजन्म नोंद मानवी हक्कांशी विसंगत असल्याचे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये म्हटले. २०१२ पासून प्रौढांना पंधरा वर्षांनंतर अर्ज करता येतो. भारताने २० सप्टेंबर २०१८ रोजी राष्ट्रीय लैंगिक गुन्हेगार माहितीकोश सुरू केला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे असलेला हा कोश महाराष्ट्र किंवा गोव्यातल्या पोलिसांना पाहता येतो, नागरिकांना नाही. अमेरिकन लॉ इन्स्टिट्यूट या कायदेतज्ज्ञांच्या संस्थेने राज्यांना नमुना म्हणून रचलेल्या आदर्श दंडसंहितेच्या सुधारित मसुद्यात आपल्या देशाला साधारण हेच सुचवले आहे : नोंदवही ठेवा, पण पोलिसांपुरती.