जुन्या रोड सायकलवर वेगळ्या मापाची चाके

जुन्या रोड सायकलची, विशेषतः पोलादी फ्रेमची, मूळ चाके काढून तिच्यावर आज सहज मिळणाऱ्या मापाची चाके बसवण्याची रीत. सर्वाधिक होणारा बदल २७ इंचीवरून ७००सी या किंचित लहान मापावर येण्याचा. ब्रिटनमधल्या क्लबच्या सायकली आणि १९७० च्या दशकात अमेरिकेत अफाट खपलेल्या श्विन व्हर्सिटीसारख्या दहा गिअरच्या सायकली २७ इंची असत. शर्यतीच्या सायकलींना मात्र रिमवर चिकटवायचे ट्यूब्युलर टायर असत. त्या रिमचा व्यास जवळपास ७००सीएवढाच असल्याने ब्रेक न हलवता दोन्ही प्रकारची चाके आलटून पालटून लावता येत. पुढे ७००सी सर्वत्र रूढ झाले आणि २७ इंचीत चांगले टायर मोजकेच उरले.

टायरवरच्या इंचांवर विसंबू नये. टायरची कड रिममध्ये जिथे बसते तिथला व्यास हेच खरे माप. ३२-६३० असे छापलेले असेल तर रुंदी ३२ आणि हा व्यास ६३० मिमी. २७ इंची म्हणजे ६३०, ७००सी ६२२, ६५०बी ५८४. आपल्याकडच्या काळ्या दणकट सायकलचे २८ × १½ हे माप ६३५ चे. युरोपात ७००सीलाही २८ इंचीच म्हणतात, पण ६३५ चा टायर ६२२ च्या रिमवर चढवला तर हवा भरताच निसटतो.

२७ इंचीवरून ७००सीवर येताना रिमचा काठ ४ मिमी खाली जातो, म्हणून ब्रेकची रबरेही तेवढीच खाली घ्यावी लागतात. नवे चाक बसवून ब्रेकच्या बोल्टच्या मध्यापासून रिमच्या घासपट्टीच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजावे. ते ५४ मिमी आले तर ४७ ते ५७ मिमी पोहोच असलेला ब्रेक चालतो, ३९ ते ४९ चा चालत नाही. बऱ्याच जुन्या ब्रेकांच्या खाचेत ही ४ मिमी जागा असतेच. इथे घाई मुळीच नको. रबर वर राहिले तर टायरची बाजू कापते, फार खाली गेले तर रिम सोडून आऱ्यांत घुसते. फ्रेमवर खुंट्या डाकलेले कँटिलिव्हर ब्रेक असतील तर सरकवायला जागा त्याहून कमी. मूळ रिम क्रोम चढवलेल्या पोलादाची असेल तर अॅल्युमिनियमची रिम येणे हाच या बदलाचा सर्वांत मोठा लाभ: ओल्या पोलादी रिमवर ब्रेक नीट धरत नाहीत.

मागच्या हबची, म्हणजे चाकाच्या मध्यभागी आरे जिथे जोडलेले असतात त्या भागाची, रुंदी हा दुसरा अडसर. मागे पाच दातेरी चक्रे असत त्या काळात (दहा गिअरच्या सायकलीत) ती १२० मिमी होती, सहा-सातच्या काळात १२६, पुढे १३०. १२६ च्या फ्रेममध्ये १३० चा हब हाताने किंचित ताणून बसतो. १२० ची फ्रेम मात्र दोन्ही बाजूंना सारखी फाकवावी लागते. पुढच्या हेड ट्यूबपासून (हँडलखालची आखूड नळी) मागच्या दोन्ही टोकांभोवती दोरा ताणावा आणि सीट ट्यूबपासून (सीटखालची नळी) त्याचे अंतर दोन्हीकडे सारखे आहे ना ते पाहावे. मग एक्सल बसतो ती टोके एकमेकांना समांतर करून घ्यावीत, नाहीतर एक्सल वाकतो किंवा तुटतो. हे काम फक्त पोलादावर करायचे. अॅल्युमिनियम किंवा कार्बनची फ्रेम फाकवू नये.

फ्रेंच भटकंतीच्या सायकलींतून आलेले ६५०बी हे जास्त धाडसाचे, पण मला सर्वांत सुंदर वाटणारे रूपांतर. ७००सीच्या फ्रेमवर रिमचा काठ १९ मिमी खाली जातो, म्हणून ५५ ते ७३ मिमी पोहोचीचे ब्रेक लागतात. तरीही ४२ मिमी रुंद टायर घातला की चाकाची त्रिज्या २९२ + ४२ = ३३४ मिमी होते. २३ मिमी टायरच्या ७००सी चाकाचीही त्रिज्या ३११ + २३ = ३३४. पेडल जमिनीपासून होते तेवढ्याच उंचीवर राहते आणि खराब रस्त्यावर आराम कितीतरी वाढतो. मात्र मागच्या दोन नळ्यांमध्ये एवढा जाड टायर मावतो का, हे आधी पाहावे. बहुतेक बेत तिथेच अडतात.

दांड्याच्या ब्रेकची काळी सायकल या रीतीत बसत नाही. तिची रबरे रिमला आतल्या बाजूने, आऱ्यांच्या अंगाने दाबतात. त्यामुळे चाक बदलायचे तर ब्रेकची सारी रचनाच बदलावी लागते.