मोड हवा, मोड नको

निफाडची थंडी ज्यांनी सोसली आहे त्यांना माहीत असेल, जानेवारीत मटकीला मोड यायला दोन-दोन दिवस लागतात. पारा ४-५ अंशांवर उतरला की माझी आजी भिजलेली मटकी जुन्या धोतराच्या फडक्यात गच्च बांधून चुलीच्या उबेला ठेवायची. तीच पुरचुंडी एप्रिलमध्ये एका रात्रीत टम्म फुगायची. आजीनं 'विकर' हा शब्द कधी ऐकला नव्हता, पण ती सांभाळत होती ती विकरंच, म्हणजे एन्झाइम. बी भिजलं की त्याच्या आतली ही प्रथिनं कामाला लागतात, आणि त्यांना साधारण २५ ते ३० अंशांची ऊब मानवते. गारठ्यात ती रेंगाळतात.

नाशिकच्या मिसळीविषयी बोलायला लागलं की सगळे रश्श्यावर आणि तर्रीवर येतात. मला त्या वाटीच्या तळाशी बसलेल्या मटकीच्या इवल्याशा शेपटीबद्दल सांगायचं आहे. आमच्याकडच्या स्वयंपाकघरात तीन जिनसा कायम असतात: मटकी, नागली (बाकी महाराष्ट्राची नाचणी) आणि कांदा. पहिल्या दोघींना आपण मुद्दाम मोड आणतो. तिसऱ्याला मोड येऊ नये म्हणून शेतकरी जिवाचं रान करतो.

बी म्हणजे तोंड शेणानं लिंपून बंद केलेली कणगी. आत स्टार्च आहे, प्रथिनं आहेत, खनिजं आहेत, पण ती आपल्यासाठी ठेवलेली नाहीत, उद्याच्या रोपासाठी ठेवलेली आहेत. मटकीच्या १०० ग्रॅम कोरड्या दाण्यात २० ते २४ ग्रॅम प्रथिनं आणि ८-९ मिलिग्रॅम लोह असतं. वाचायला हे आकडे भारदस्त वाटतात. पण बी आपला फॉस्फरस फायटिक आम्लाच्या रूपात साठवतं, आणि हे आम्ल लोह, जस्त, कॅल्शियम यांना घट्ट धरून बसतं. ती पकड सोडवणारं फायटेज नावाचं विकर आपल्या आतड्यात फारच थोडं असतं. त्यामुळे दाण्यातलं बरंचसं लोह आपल्या पोटातून तसंच पुढे निघून जातं.

पाणी लागलं की बियाला वाटतं, पाऊस आला. ते स्वतःचं फायटेज तयार करून कणगीचं तोंड फोडतं. खनिजं सुटी होतात. रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा कोंब आधी खाऊन टाकतो. आपल्याला त्या पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात आणि पोट फुगतं. मोडाची उसळ पोटाला हलकी वाटते ती म्हणूनच. भिजवलेलं पाणी ओतून दिलं तर त्या आणखी कमी होतात. कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेलं क जीवनसत्त्वही मोडाबरोबर तयार होतं.

एक गैरसमज मात्र घरोघरी आहे. मोड आले की प्रथिनं दुप्पट होतात, असं ठामपणे सांगितलं जातं. तसं होत नाही. प्रथिनं घडवायला लागणारा नायट्रोजन फडक्यात बाहेरून येत नाही, मग नवी प्रथिनं येणार कुठून? उलट दाणा पाणी पिऊन फुगलेला असल्यामुळे १०० ग्रॅम मोडांत कोरड्या मटकीपेक्षा प्रथिनं कमीच भरतात. वाढते ती त्यांची पचनीयता, आणि माझ्या मते तेवढं पुरेसं आहे.

मोड कच्चे खाण्याचा आग्रहही मला पटत नाही. मोडांना लागणारी ऊब आणि ओल जिवाणूंनाही तितकीच आवडते. २०११ साली जर्मनीत ई. कोलाय या जिवाणूची मोठी साथ आली, पन्नासच्या वर माणसं गेली, आणि शोध घेत घेत माग लागला तो मेथीच्या मोडांपर्यंत. लहान मुलं, गरोदर बायका, म्हातारी माणसं यांना तरी मोड वाफवूनच द्यावेत. शिजवल्यावर कच्च्या कडधान्यातले, प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारे घटकही निकामी होतात.

नागलीबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या घाटमाथ्याच्या तालुक्यांत, जिथं उताराच्या हलक्या जमिनीवर दुसरं फारसं काही उभं राहत नाही, तिथं पावसाळ्यात नागलीची रोपं लावली जातात. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधात १२०च्या आसपास. या तुलनेची जाहिरात खूप होते, पण नागलीतही फायटिक आम्ल आहेच, त्यामुळे दुधातलं कॅल्शियम जितक्या सहज अंगी लागतं तितक्या सहज हे लागत नाही. नागलीला मोड आणण्याची जुनी रीत इथं कामाला येते.

त्या रीतीत आणखी एक मोठी गोष्ट दडलेली आहे. साध्या पिठाची पेज शिजली की स्टार्च पाणी शोषून घट्ट होतो. बाळाला ती गिळवत नाही, म्हणून आई पाणी वाढवते. वाटी भरलेली दिसते पण पीठ असतं चमचाभर, आणि बाळाचं पोट त्याच्या मुठीएवढं. मोड आलेल्या नागलीत अमायलेज नावाचं विकर तयार झालेलं असतं. ते स्टार्चच्या लांब साखळ्या कापतं. त्यामुळे पीठ जास्त घातलं तरी पेज सैल राहते आणि तेवढ्याच वाटीत अधिक अन्न मावतं. शिजवलेली पेज कोमट झाल्यावर तिच्यात चमचाभर मोडाचं पीठ ढवळून बघा, पाहता पाहता ती पातळ होते. मग तिला पुन्हा एक उकळी द्यायची.

सत्त्व करताना मात्र आपण मोडाची नागली वाटून गाळतो आणि चोथा टाकतो. कॅल्शियमचा आणि तंतूंचा मोठा वाटा सालीत असतो, तो त्या चोथ्याबरोबर जातो. तान्ह्या बाळासाठी गाळणं ठीक. घरातल्या मोठ्या माणसांसाठी मोडाची नागली वाळवून दळावी आणि त्याच पिठाची भाकरी थापावी.

भाकरीला उसळीची जोड का, याचं उत्तर अमिनो आम्लांत, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात त्या घटकांत आहे. त्यांपैकी धान्यात लायसिन कमी, कडधान्यात मेथिओनिन कमी. एकाची उणीव दुसरं भरून काढतं. दोन्ही एकाच घासात हवीत असंही नाही, दिवसभरात पोटात गेली तरी चालतात. मिसळ-पावालाही हेच लागू पडतं, फक्त पाव मैद्याचा असतो. आणि शाकाहारी घरांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी: मटकी, नागली, शेंगदाणा, पालेभाजी, यांतल्या कशातूनही बी-१२ मिळत नाही. ते दूध-दह्यातून थोडंफार मिळतं, नाहीतर डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी लागते.

मिसळीच्या ताटातल्या लिंबाच्या फोडीला मी कधीच शोभेची मानत नाही. वनस्पतींतलं लोह आतड्यात शिरायला अवघड रूपात असतं. लिंबातलं क जीवनसत्त्व त्याचं रूप पालटतं आणि ते विरघळलेलं ठेवतं. उष्णतेनं हे जीवनसत्त्व नासतं, म्हणून लिंबू उकळत्या रश्श्यात पिळू नये, वाढल्यावर पिळावं. वरून घातलेला चिरलेला कांदाही उपयोगी पडतो. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत पचनाची नक्कल करून पाहिलं, तेव्हा कांदा आणि लसूण सोबत असताना धान्य-कडधान्यांतलं लोह आणि जस्त जास्त सुटं झालं. २०१० साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

आणि मग आपण मिसळीवर लगेच कडक चहा पितो. चहातली पॉलिफेनॉल्स नावाची तुरट द्रव्यं त्या जेवणातल्या लोहाचं शोषण निम्म्याहून खाली आणू शकतात. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. अशा देशात ही सवय मला फार खुपते. चहा सोडा असं मी म्हणत नाही, तासभर थांबून प्या.

आता कांद्याकडे. कांद्याची प्रत्येक पाकळी म्हणजे पानाचाच फुगलेला तळ. तिच्यात साखर आणि फ्रुक्टान्स, म्हणजे आपल्याला न पचणाऱ्या शर्करांच्या साखळ्या, साठवलेली असतात. ही फ्रुक्टान्स आपल्या आतड्यातल्या उपकारक जिवाणूंचं खाद्य. ती पुंजीही पुढच्या रोपासाठीच असते, पण मटकीपेक्षा इथला हिशेब उलटा आहे. दाण्यातलं कुलूपबंद अन्न मोड येताना आपल्यासाठी मोकळं होतं, तर कांद्यातलं आधीच मोकळं असलेलं अन्न कोंब खाऊन संपवतो. कांदा पिचपिचा होतो, वजन उतरतं.

तपमानाचा कायदाही उलटा. मटकीला ऊब हवी, तर कांद्याला १० ते २० अंशांचा गारवा मिळाला की कोंब सुचतो. एप्रिल-मेच्या रणरणत्या उन्हात साठवणीच्या चाळीतला उन्हाळ कांदा शांत झोपलेला असतो. पाऊस पडून हवा गार झाली, त्याची सुप्तावस्था सरत आली की तो जागा होतो.

ही झोप लांबवण्यासाठीच लासलगावला २००२ साली भाभा अणुसंशोधन केंद्रानं 'कृषक' हे विकिरण केंद्र उभारलं. कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूतून निघणारे गॅमा किरण कांद्याच्या मधल्या वाढबिंदूपर्यंत पोचतात आणि तिथल्या पेशींचं विभाजन थांबवतात. कोंब येतच नाही. यानं कांदा किरणोत्सारी होत नाही, ही भीती मनातून काढून टाकावी. मात्र सड या किरणांनी थांबत नाही, त्यासाठी कांदा नीट सुकवलेला आणि साठवण चांगली असावीच लागते.

घरी कांदा टोपलीत, हवेशीर जागी ठेवा. फ्रिजच्या ओलसर गारव्यात नको. सोलताना वरची एकच पातळ साल काढा, कारण क्वेर्सेटिन हा उपयुक्त घटक बाहेरच्या पाकळ्यांत सर्वाधिक असतो. आणि श्रावणात टोपलीतल्या एखाद्या कांद्याला हिरवा कोंब फुटलाच, तर तो टाकू नका. गाभ्यातलं गेलं ते गेलं, पण हिरव्या पातीत बीटा-कॅरोटीन असतं, जे कांद्याच्या गड्ड्यात जवळपास नसतंच. जुन्या डब्यात माती भरून कांदा अर्धा खोचा आणि खिडकीत ठेवा. काही दिवसांत झुणक्यापुरती पात मिळते.