सीपीचं मूल ‘अस्थिव्यंग’ रकान्यात कसं गेलं

सीपी म्हणजे सेरेब्रल पाल्सी: वाढत्या मेंदूला इजा झाल्याने हालचाल आणि शरीराचा तोल बिघडणं. १८६१ साली लंडनच्या एका अस्थिशल्यविशारदाने अडलेलं बाळंतपण, गुदमरलेलं बाळ आणि पुढे ताठरलेले पाय यांची सांगड घातली. १८९७ मध्ये व्हिएन्नातल्या एका मज्जातंतूतज्ज्ञाने उलटी शंका काढली: बिघाड पोटातच झाला असेल आणि त्यामुळेच बाळंतपण अडलं असेल. आज दोन्ही शक्यता मान्य आहेत. शिवाय अपुऱ्या दिवसांचं बाळ, तीव्र कावीळ, मेंदूज्वर ही कारणं आहेतच.

आपल्याकडे पुनर्वसनाची घडी बसली ती मुख्यतः पोलिओच्या मुलांसाठी. कॅलिपर (पायाला बांधायचा आधार), शिबिरं, शस्त्रक्रिया, सगळं लुळ्या पायाचा विचार करून. सीपीत बहुतेकदा स्नायू ताठ असतो. टाच वर ओढली जाते, पट्ट्याखाली कातडी सोलवटते आणि कॅलिपर घरात कोपऱ्यात पडतो. देशातला नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. पण ‘अपंगत्व म्हणजे पाय’ ही नजर मागे उरली.

अपंगत्वाच्या कायद्यातही तेच दिसतं. १९९५ च्या कायद्याने सेरेब्रल पाल्सी हाडं, सांधे, स्नायूंच्या व्यंगाच्या व्याख्येत घातली. १९९९ च्या कायद्याने ती स्वमग्नता, मतिमंदत्व आणि बहुविकलांगतेच्या जोडीला आणली, म्हणजे आयुष्यभराच्या आधाराची गरज ओळखली. २०१६ च्या कायद्यातल्या अपंगत्वाच्या २१ प्रकारांच्या यादीत तिचं नाव आलं, पण पुन्हा अस्थिव्यंगाखालीच. आमच्या मते हा निर्णय चुकला, कारण नुकसान मेंदूत आहे आणि बोलणं, गिळणं, नजर, फिट यांवरही त्याचा परिणाम होतो.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावरच्या टक्केवारीत हे नेमकं भोवतं. पायांचं अपंगत्व ३५ टक्के आणि वाचेचं २५ टक्के असेल, तर सूत्र असं: ३५ + २५ × (९० − ३५) ÷ ९०, म्हणजे सुमारे ५०. फक्त पाय मोजले तर ३५, आणि सवलतींसाठीची किमान ४० टक्क्यांची अट हुकते. म्हणून सिव्हिलला जाताना वाचा, बुद्धी, दृष्टी आणि श्रवण यांचे अहवाल सोबत न्यावेत. सोलापुरात पूर्व भागातल्या घरात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड बोलतात. तपासणी फक्त मराठीत झाली तर मूल आहे त्यापेक्षा मागे दिसतं. यूडीआयडीच्या (अपंगत्वाच्या ओळखपत्राच्या) अर्जात सेरेब्रल पाल्सी हा पर्याय वेगळा आहे, तोच निवडावा. नुसतं ‘अस्थिव्यंग’ लिहिलेलं असेल, तर १९९९ च्या कायद्याखालच्या निरामय विम्याला (वर्षाला एक लाखापर्यंत) अडचण येते.

निदानाचं वय मात्र खाली आलंय. पूर्वी दीड-दोन वर्षांपर्यंत थांबत. २०१३ पासून अंगणवाडीतच तपासणी होते. चार महिन्यांनंतरही मूठ वळलेलीच, नऊ महिन्यांत बसत नाही, वर्षाच्या आत एकच हात वापरतं, यापैकी काहीही दिसलं तर थांबू नये. आणि अशा बाळाला पायांवर आडवं टाकून पाजू नये, दूध श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. पाठीला आधार देऊन बसवावं, हनुवटी किंचित खाली ठेवावी, अर्धा चमचा द्यावा आणि गिळल्यावरच पुढचा.