गुटी कलम आणि खुंटावरचं कलम: नाव एक, मुळं वेगळी

फळझाड आणायला गेलं की आपण जात विचारतो, फळ केवढं येतं, किती वर्षांनी धरतं ते विचारतो आणि शेवटी विचारतो, ‘रोप आहे की कलम?’ समोरून ‘कलम आहे’ असं आलं की जीव भांड्यात पडतो आणि आपण पिशवी उचलतो. पण ‘कलम’ या एकाच नावाने दोन वेगळ्या बांधणीची झाडं दिली जातात. एक गुटी कलम, म्हणजे झाडाच्या फांदीलाच मुळं फोडून ती फांदी वेगळी केलेली. दुसरं खुंटावरचं कलम, म्हणजे एका झाडाच्या मुळांवर दुसऱ्या झाडाची काडी जोडलेली. जात एकच असेल तर दोन्हींना फळ त्याच जातीचं लागतं. मात्र झाड किती उंच जाईल, वाऱ्यात कसं उभं राहील, मोडलं तर बुडातून काय फुटेल, हे सगळं खालचं मूळ कुणाचं आहे त्यावर अवलंबून असतं. घराच्या बागेत चार-पाचच झाडं मावतात, म्हणून मला हा प्रश्न जातीइतकाच महत्त्वाचा वाटतो.

बियांचं रोप या तुलनेत मी धरत नाही. बी बहुतेक वेळा दोन झाडांच्या संकरातून तयार होतं, त्यामुळे आईसारखं फळ येईलच याचा भरवसा नसतो, आणि झाड वयात यायलाच बरीच वर्षं जातात. सफरचंदाचं बियांचं झाड ६ ते १० वर्षंही घेतं. लिंबूवर्गातली बरीच झाडं आणि आंब्याच्या काही जाती याला अपवाद आहेत, कारण त्यांच्या बीमधून आईची हुबेहूब नक्कल असलेले अंकुरही निघतात. कलमाच्या दोन्ही प्रकारांत मात्र वरचा भाग वयात आलेल्या झाडाचाच असतो, म्हणून ती लवकर फळतात.

गुटी कशी बांधतात ते एकदा जवळून पाहिलं की तिचे गुणदोष वेगळे सांगावे लागत नाहीत. पेन्सिलीएवढी जाड, निरोगी फांदी निवडायची. तिच्यावरची अडीच-तीन सेंटिमीटर रुंदीची साल अंगठीसारखी गोल कापून काढायची. आतलं लाकूड ओलसर आणि पांढुरकं दिसतं, बोट फिरवलं तर बुळबुळीत लागतं. तो बुळबुळीत थर सुरीच्या पाठीने खरवडून टाकावा लागतो. तो राहिला तर साल पुन्हा जुळून येते आणि मुळं फुटायचं नाव घेत नाहीत. मग भिजवून घट्ट पिळलेलं मूठभर शेवाळ त्या जागेभोवती दाबायचं, वरून प्लॅस्टिकचा कागद गुंडाळायचा आणि दोन्ही टोकं दोरीने आवळायची.

पुढचं काम झाड स्वतः करतं. मुळांकडून येणारं पाणी लाकडातून वर चढतं, त्यामुळे फांदीची पानं टवटवीत राहतात. पण पानांत तयार झालेलं अन्न आणि मुळं फोडणारं संप्रेरक सालीच्या वाटेने खाली येतं. साल तुटलेली असल्याने ते कापाच्या वरच्या कडेशी अडतं. तिथे आधी सूज धरते आणि मग दोऱ्यासारख्या पांढऱ्या मुळ्या बाहेर पडतात. हवा दमट असेल तर महिना-दोन महिन्यांत त्या प्लॅस्टिकला आतून टेकलेल्या दिसतात, आणि त्यांचा रंग पांढऱ्याचा पिवळट तपकिरी होऊ लागतो. मग बांधणीच्या खालून फांदी कापायची, निम्मी पानं कमी करायची आणि तिला पिशवीत लावून काही आठवडे सावलीत ठेवायचं.

म्हणजे गुटीचं झाड मुळापासून शेंड्यापर्यंत एकाच झाडाचं असतं. पण तिला सोटमूळ नसतं. खोडातून फुटलेली मुळं आडवी पसरतात, वरच्या थरातच राहतात.

खुंटावरच्या कलमात दोन झाडं एकत्र येतात. खाली खुंट, बहुधा बियांपासून वाढवलेला, आणि वर हव्या त्या जातीची काडी. पाचर कलम, भेट कलम, कोय कलम, डोळा भरणं या सगळ्या रीती याच प्रकारात येतात. काम एकच: दोघांच्या सालीखालचा वाढीचा हिरवट थर एकमेकांना भिडवून घट्ट बांधायचा, म्हणजे तिथे नव्या पेशी भरून येतात आणि पाण्याची, अन्नाची वाट जुळते. मात्र जोडाच्या वरच्या पेशी वरच्याच जातीच्या राहतात आणि खालच्या खालच्याच. झाड पन्नास वर्षांचं झालं तरी ती सीमा पुसली जात नाही. आणि हे जवळच्या नात्यातच जमतं: संत्र्याची काडी लिंबाच्या काही जातींवर लागते, पण आंब्याच्या खुंटावर लिची लागणार नाही.

ओळखायचं कसं? पिशवीतलं झाड हातात घ्या आणि बुडापासून वर बोट फिरवत जा. खुंटावरच्या कलमात मातीपासून वीतभर उंचीच्या आत-बाहेर कुठेतरी बोट अडखळतं. तिथे फुगवटा असतो, किंचित वाकण असते, किंवा सालीचा रंग नि पोत एकदम बदलतो. कोवळ्या कलमावर तर बांधलेली प्लॅस्टिकची पट्टीही सापडते. (ती वेळेवर सोडली नाही तर खोड वाढताना सालीत रुतते आणि झाड तिथून आवळलं जातं. घरी आणल्यावर आधी ती पाहा.) गुटीचं खोड सरळ एकसारखं मातीत शिरतं, जोड कुठेच नाही. वरची माती दोन बोटं उकरली तर एकाच पातळीवरून चारी बाजूंना निघालेल्या मुळांचा झुबका दिसतो.

मग आपल्याच मुळावर उभं राहणारं झाड सोपं असताना खुंटाचा खटाटोप कशाला? कारण मूळ ही स्वतंत्र निवड करण्यासारखी गोष्ट आहे. द्राक्षाची गोष्ट यासाठी मी पुन्हा पुन्हा सांगतो. १८६०च्या दशकात फ्रान्समधल्या द्राक्षबागा झपाट्याने मरू लागल्या. मुळांना लागणारा फायलॉक्सेरा हा बारीकसा किडा उत्तर अमेरिकेतून आला होता, आणि युरोपातल्या वेली स्वतःच्या मुळांवर त्याच्यापुढे टिकत नव्हत्या. फवारणीने काही साधलं नाही. तोड निघाली ती अमेरिकन द्राक्षांच्या मुळांवर युरोपातल्या जाती बांधून, कारण त्या मुळांना या किड्याची सवय होती. द्राक्ष तेच राहिलं, फक्त मूळ बदललं, आणि बागा वाचल्या. आजही जगातल्या बहुतेक द्राक्षबागा अशाच उभ्या आहेत.

सफरचंदात खुंटाचा उपयोग उंची ठरवायला होतो. इंग्लंडमधल्या ईस्ट मॉलिंगच्या संशोधन केंद्रात गेल्या शतकाच्या सुरुवातीला नावांचा घोळ झालेले खुंट तपासून वेगळे केले गेले आणि त्यांना क्रमांक दिले गेले. त्यातल्या एम ९ या खुंटावर सफरचंदाचं झाड साधारण अडीच-तीन मीटरवर थांबतं. तीच जात बियांच्या जोमदार मुळांवर असेल तर शिडीशिवाय फळाला हात पोचत नाही. लहान अंगणासाठी हे वरदानच आहे, पण एम ९ची मुळं ठिसूळ असतात, त्यामुळे झाडाला जन्मभर काठीचा आधार द्यावा लागतो.

खुंट कधी उलटतोही. लिंबूवर्गात मुळं आणि बुंधा कुजू नये म्हणून आंबट संत्र्याचा खुंट जगभर मोठ्या विश्वासाने वापरला जात होता. १९३०च्या दशकात दक्षिण अमेरिकेत ट्रिस्टेझा विषाणू पसरला आणि नेमकी त्याच खुंटावरची लाखो गोड संत्री वाळून गेली. जोडापाशीच अन्नाची वाट बंद पडायची आणि खालची मुळं उपाशी मरायची. म्हणून खुंटाचं कलम घेताना ‘खुंट कोणता?’ हा प्रश्न मी विचारतोच. उत्तर मिळालं नाही तर दुसरीकडे बघतो.

दोन्ही कलमांतला फरक मला खऱ्या अर्थाने पटला तो माझ्या दोन झाडांमुळे. एक खुंटावरचं संत्रं होतं, एक गुटीचं डाळिंब. एका उन्हाळ्यात संत्र्याचा वरचा भाग थोडा सुकला आणि बुडातून जोरकस धुमारे आले. हिरवेगार, सरळ, लांब काट्यांचे. झाड सावरतंय असं समजून मी ते जपले, पाणी दिलं. वर्षभरात मूळची फांदी त्यांच्या सावलीत गेली. मग एके दिवशी पान हातात घेऊन नीट पाहिलं, तर प्रत्येक देठाला तीन-तीन पानं होती. संत्र्याला तसं पान नसतं. ते खुंटाचं, तीन पानी संत्र्याचं होतं, आणि त्याचं फळ कडू, बियांनी भरलेलं असतं. तोपर्यंत वरची काडी पार वाळली होती. ते झाड गेल्याची चुटपुट अजून आहे. जोडाच्या खाली फुटलेला प्रत्येक कोंब बोटाएवढा असतानाच मुळापासून ओरबाडून काढायला हवा होता. कात्रीने वरून छाटला तर तिथूनच दोन फुटतात.

डाळिंबावर मोठी फांदी पडून ते बुडाशीच मोडलं. बुंध्यातून आठ-दहा फुटवे आले. त्यातले चार ठेवले, बाकीचे काढले. तिसऱ्या वर्षी त्यांच्यावर पूर्वीचीच डाळिंबं लागली, कारण गुटीच्या झाडात खालून फुटलेलंही मूळ जातीचंच असतं. जिथे कडाक्याची थंडी झाड जमिनीपर्यंत जाळते, तिथे याच कारणाने स्वतःच्या मुळावरचं झाड सोयीचं पडतं.

लावण्याच्या खोलीतही दोघांचं जमत नाही. खुंटावरच्या कलमाचा जोड मातीच्या दहा-पंधरा सेंटिमीटर वर राहायलाच हवा. आळ्यात पुढे माती, पाला, खत पडत जातं आणि जोड हळूहळू गाडला जातो. मग वरच्या काडीलाच मुळं फुटू शकतात, आणि ठेंगण्या खुंटावरचं झाड बघता बघता मोठं व्हायला लागतं, कारण ते आता खुंटावर राहिलेलं नसतं. गुटीला ही भीती नाही. तिचा मुळांचा गोळा पूर्ण झाकला जाईल इतकी, किंचित खोल लावली तरी चालते.

वाऱ्याचं मात्र गुटीला भय असतं. लिचीची गुटीची झाडं वादळात मुळासकट आडवी होतात ती सोटमूळ नसल्यामुळे. खुंटाला सोटमूळ असतं म्हणून तो घट्ट उभा राहतो असं आपण म्हणतो, पण तेही अर्धंच खरं. पिशवीत वर्ष-दोन वर्षं राहिलेल्या खुंटाचं सोटमूळ तळाशी वळसे घेत बसतं आणि जमिनीत गेल्यावरही तसंच राहतं. पिशवीच्या भोकांतून जाड मूळ बाहेर आलेलं कलम म्हणूनच मी घेत नाही. हाताशी वेळ असेल तर बी कायमच्या जागी पेरून, रोप पेन्सिलीएवढं झालं की तिथेच कलम बांधणं सगळ्यांत उत्तम. त्या झाडाचं सोटमूळ कधी हललेलंच नसतं, त्यामुळे पाण्याच्या ओढीतही ते तग धरतं.

बऱ्याच फळांत निवडीचा प्रश्नच येत नाही. आंबा, फणस, ॲव्होकॅडो, सफरचंद, पीच खुंटावरच घ्यावेत. डाळिंब आणि लिची बहुतेक गुटीचीच मिळतात. अंजीर आणि तुती तर छाट कलमावर, म्हणजे मातीत खोचलेल्या काडीवरच, सहज येतात आणि वागायला गुटीसारखीच असतात. खरी निवड उरते ती पेरू, चिकू, लिंबू यांच्यात. कुंडीत लावायचं असेल, माती फूट-दीड फूटच असेल, तर मी गुटी घेतो. उथळ मुळांना तेवढ्यात भागवता येतं. उघड्यावर, वाऱ्याच्या तोंडी, पाणी तुटपुंजं किंवा मातीत कुजण्याचा रोग आधीच असेल, तर त्याला साजेसा खुंट शोधतो, मग महिनाभर थांबावं लागलं तरी चालेल.

गुटी लावली की त्याच दिवशी खोडापासून थोडी दूर एक काठी ठोकायची आणि सैल आठच्या आकड्यात सुती चिंधीने बांधायची. ती आडव्या फांदीपासून झालेली असते, म्हणून तिचा कल एका बाजूला असतो. पहिली दोन वर्षं शेंडा सरळ वर वळवत राहावं लागतं. वयात आलेल्या फांदीची असल्यामुळे पिशवीतच तिला फुलं येतात, आणि ती पाहून हात थबकतो. तरीही पहिल्या वर्षीची सगळी फुलं मी खुडतो. त्या वर्षी तिला मुळं पसरायची असतात.