किनारी प्लवक

किनारी प्लवक : किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात व खाड्यांत तरंगत राहणारे, प्रवाहाविरुद्ध आपली जागा राखू न शकणारे सजीव. व्याख्या आकाराची नाही, बळाची आहे. म्हणून परातीएवढा जेलीफिश प्लवकात मोडतो आणि बोटभर तारली (एक लहान मासा) मोडत नाही. ‘प्लँक्टन’ ही संज्ञा व्हिक्टर हेन्सन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८७ मध्ये वापरात आणली. प्रस्तुत नोंदीत कारवार ते गोवा या किनाऱ्याचा आणि त्याला पाणी पुरवणाऱ्या, कर्नाटकातील खानापूर व जोयडा तालुक्यांतील घाटमाथ्याचा एकत्र विचार केला आहे, कारण या दोहोंना वेगळे काढले की अर्धे स्पष्टीकरण घाटावरच राहून जाते.

घाटमाथ्याचा संबंध : खानापूर तालुक्यातील कणकुंबी समुद्रापासून सरळ रेषेत सुमारे ५० किमी. येथे उगम पावलेली मलप्रभा पूर्वेकडे वळून कुडलसंगम येथे कृष्णेला मिळते आणि ते पाणी बंगालच्या उपसागरात जाते. त्याच परिसरातील कळसा नाला मात्र म्हादईला मिळतो. म्हादई भीमगडाच्या रानातून गोव्यात उतरते, मांडवी होते आणि पणजीजवळ अरबी समुद्रात पोहोचते. दक्षिणेला जोयडा तालुक्यात उगवणारी काळी नदी सदाशिवगडाखाली कारवारच्या समुद्राला मिळते. या नद्या समुद्राला पाणी देतात, गाळ देतात आणि सहसा कोणाच्या लक्षात न येणारी तिसरी गोष्ट देतात : विरघळलेली सिलिका, म्हणजे वाळू-काचेतील मूळ द्रव्य. पावसाच्या पाण्याने खडक कुजतो तेव्हा त्यातील न विरघळणारा भाग माती म्हणून मागे राहतो. खानापूरची कुंभारकामाची व कौलांची माती अशाच झिजेची देणगी. विरघळणारा भाग सिलिसिक आम्लाच्या रूपात नदीबरोबर निघून जातो. समुद्रातील करंडक वनस्पतींची (सिलिकेचे कवच असलेल्या एकपेशीय वनस्पतींची) घरे त्यावर बांधली जातात.

घटक : आकारानुसार ०.२ ते २ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) हे अतिसूक्ष्म प्लवक, २ ते २० मायक्रॉन सूक्ष्म, २० ते २०० मायक्रॉन मध्यम आणि त्यापुढे ०.२ ते २० मिमी हे जाळ्यात सहज येणारे प्राणिप्लवक, अशी ढोबळ विभागणी करतात. पाण्याच्या दर मिलिलिटरला साधारण १० लाख जीवाणू आणि त्यांच्या दसपट विषाणू असतात. ते कोणत्याच जाळ्यात येत नाहीत.

वनस्पतिप्लवकांत या किनाऱ्यावर वर्चस्व करंडक वनस्पतींचे, म्हणजे डायाटमांचे. पेशीभोवती सिलिकेचे दोन भाग असतात आणि एक दुसऱ्यावर झाकणासारखा बसतो. कुंकवाचा करंडा ज्याने पाहिला आहे त्याला मराठी नाव समजावून सांगावे लागत नाही. स्केलेटोनेमा, कीटोसेरॉस, कॉसिनोडिस्कस, थॅलॅसिओसिरा ही नेहमी भेटणारी प्रजाती-नावे. दुसरा मोठा गट डायनोफ्लॅजेलेटांचा. त्यांना दोन कशाभिका (चाबकासारखे धागे) असतात, ते थोडेफार पोहतात आणि सिलिकेवाचून जगतात. तिसरा गट नीलहरित जीवाणूंचा. त्यातील ट्रायकोडेस्मियम हवेतून विरघळलेला नायट्रोजन स्वतः स्थिर करतो.

प्राणिप्लवकांत संख्येने कोपेपॉड (कोळंबीच्या वर्गातील बारीक कवचधारी जीव) सर्वांत जास्त : अकार्शिया, पॅराकॅलानस, टेमोरा, ऑइथोना. त्यांच्या पिलांच्या आधी सहा नॉप्लियस अवस्था होतात, मग प्रौढासारख्या दिसणाऱ्या पाच कोपेपोडाइट अवस्था आणि नंतर प्रौढ. उबदार पाण्यात एक पिढी दोन-तीन आठवड्यांत उरकते. याशिवाय बाणकृमी, पेनिलियासारखे जलपिसू, तसेच शिंपले, खेकडे, कालवे व बार्नेकल यांची पिले असतात. ही पिले काही दिवस ते आठवडे प्लवक म्हणून जगतात आणि मग तळ धरतात. मात्र वनस्पतिप्लवकांची रोजची वाढ प्रामुख्याने कोपेपॉड खातात हा समज चुकीचा आहे. सरासरी ६० ते ७० टक्के वाटा एकपेशीय भक्षकच फस्त करतात.

वार्षिक चक्र : फेब्रुवारी ते मे पाणी निवळ, खारट आणि वरच्या थरात नायट्रेटला महाग असते. ट्रायकोडेस्मियमचे हे दिवस. लाकडाच्या भुशासारखे तांबूस-पिवळे पट्टे किलोमीटरभर तरंगताना दिसतात. ते तेल नव्हे. बादलीत घेतल्यास बारीक काड्यांचे जुडगे नुसत्या डोळ्यांना दिसतात.

जूनमध्ये दोन गोष्टी एकाच वेळी घडतात आणि दोन्हींची ओढ परस्परविरुद्ध आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात किनाऱ्याजवळचा प्रवाह दक्षिणेकडे वाहू लागतो आणि खोलवरचे थंड, पोषकद्रव्यांनी समृद्ध पण ऑक्सिजन कमी असलेले पाणी उथळ भागावर चढते. हे ऊर्ध्वगमन दक्षिणेत आधी सुरू होते आणि उत्तरेकडे सरकते. त्याच वेळी घाटावरून आलेले गोडे पाणी हलके असल्याने वर काही मीटर जाडीचा थर धरते. खालचे खत वर येऊ पाहते, वरचा थर झाकणासारखा बसतो. गढूळपणा आणि ढग यांमुळे भर पावसात नदीमुखाशी प्रकाशच अपुरा पडतो. पावसाची उघडीप मिळाली की चार-सहा दिवसांत डायाटम फोफावतात, कारण अनुकूल स्थितीत त्यांची संख्या दिवसाला दुप्पट होऊ शकते. या काळात ज्या पिलांना खाद्य लागते त्यांचे गणित अशा उघडिपींवर अवलंबून असते. १ जून ते ३१ जुलै हा यांत्रिक मासेमारीबंदीचा काळ या हंगामाच्या सुरुवातीवरच येतो.

झाकणाखाली मेलेले प्लवक कुजते आणि आधीच तुटपुंजा ऑक्सिजन संपत जातो. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात गोवा-कारवार पट्ट्यात तळाशी तो जवळपास शून्यावर येतो. जीवाणू मग नायट्रेट वापरतात, तेही संपले की सल्फेट, आणि हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्यांचा वास येऊ लागतो. तळाची कोळंबी व मासे किनाऱ्याकडे ढकलले जातात. अचानक मिळालेली भरघोस मासळी ही नेहमी चांगली बातमी नसते. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने (स्थापना १९६६) या घटनेचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे.

प्रमाणांचा खेळ : प्लवकात कार्बन, नायट्रोजन व फॉस्फरस यांचे अणू सरासरी १०६ : १६ : १ या प्रमाणात असतात. डायाटमांना नायट्रोजनइतकीच, म्हणजे जवळपास १ : १, सिलिकाही लागते. मोठ्या धरणाच्या स्थिर पाण्यात गोड्या पाण्यातील डायाटम वाढतात, मरून तळाशी बसतात आणि सिलिका तेथेच अडकते. उलट धरणाखालच्या शेतांतून व गटारांतून नायट्रोजन-फॉस्फरस वाढत जातो. समुद्राला मिळणाऱ्या पाण्यात सिलिकेचे प्रमाण नायट्रोजनच्या खाली गेले की डायाटमांची वाढ आधी थांबते आणि उरलेले खत डायनोफ्लॅजेलेटांच्या वाट्याला येते. काळी नदीवर सुप्यापासून कद्र्यापर्यंत धरणांची मालिका आहे. वीजनिर्मितीचे पाणी उन्हाळ्यातही सुटत असल्याने कारवारच्या खाडीतील गोड्या-खाऱ्या पाण्याची सीमा भरती-ओहोटीइतकीच विसर्गावरही हलते. नद्यांच्या पाण्यावर वाद होतात तेव्हा हिशेब टीएमसीत (अब्ज घनफुटांत) मांडला जातो. त्यात सिलिकेचा रकाना नसतो.

बहर व विष : नॉक्टिल्युका हा ०.२ ते २ मिमी आकाराचा गोलाकार डायनोफ्लॅजेलेट. रात्री लाट फुटताना दिसणारा निळसर उजेड बहुधा त्याचाच. त्याचा एक प्रकार लालसर असतो, दुसरा पोटातील हरित शैवालामुळे हिरवा. तो स्वतः विषारी नाही, परंतु दाट बहरात अमोनिया साचतो आणि कुजताना ऑक्सिजन संपतो. खरे विष काही निराळ्या डायनोफ्लॅजेलेटांत असते. ते खाल्लेले शिंपले स्वतः धडधाकट राहतात आणि विष साठवतात. १९८३ मध्ये मंगळूरजवळील कुंबळे खाडीतील शिंपले खाल्ल्याने लोकांना विषबाधा झाली होती. हे विष शिजवून जात नाही. म्हणून पाण्याचा रंग बदललेला असताना त्या खाडीतील तिसऱ्या (शिंपले) घेऊ नयेत. रंग नसणे ही सुरक्षिततेची हमी मात्र नव्हे.

नमुना घेणे : प्राणिप्लवकासाठी २०० मायक्रॉन छिद्रांचे जाळे, वनस्पतिप्लवकासाठी २० मायक्रॉनचे. शिकण्यापुरते जाळे शिवायचे असल्यास स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांचे नायलॉन किंवा पॉलिएस्टर कापड चालते. दर सेंटिमीटरला ४३ धागे असलेल्या कापडाचे छिद्र सुमारे १५० मायक्रॉन भरते. तोंडाला लोखंडी कडे, शेपटाला रुंद तोंडाची बाटली, आणि लांबी तोंडाच्या व्यासाच्या किमान तिप्पट. आखूड जाळे लवकर तुंबते.

होडीने माणसाच्या चालीपेक्षा हळू, पाच ते दहा मिनिटे ओढावे. वेग वाढला की तोंडापुढे पाण्याची उशी तयार होते आणि चपळ कोपेपॉड बाजूला निसटतात. मऊ जीव छिद्रांतून पिळून निघतात ते वेगळेच. गाळलेले पाणी म्हणजे तोंडाचे क्षेत्रफळ गुणिले अंतर : ५० सेंमी व्यासाचे जाळे २०० मी. ओढले तर ०.१९६ × २०० = सुमारे ३९ घनमीटर. जाळे तुंबलेले असल्यास प्रत्यक्षात पाणी कमी गेलेले असते आणि प्लवकाची घनता खोटी कमी येते. तोंडात प्रवाहमापक बसवण्याचे कारण हेच. प्रत्येक ठिकाणानंतर जाळे बाहेरून पाणी मारून धुवावे, नाहीतर खाडीतले प्राणी समुद्राच्या नोंदीत येतात. भरतीची वेळ, दिवस की रात्र, हे लिहिले नाही तर नमुना निरुपयोगी. अनेक कोपेपॉड दिवसा खाली असतात आणि रात्री वर येतात.

पेशी मोजण्यासाठी जाळे वापरू नये, लहान पेशी निसटतात. बाटलीत १ लिटर पाणी घ्यावे. त्यात ल्युगोल आयोडीन, १०० मिलीला ०.५ ते १ मिली, पाणी फिक्या चहाच्या रंगाचे होईपर्यंत टाकावे आणि बाटली अंधारात ठेवावी. रंग उडाला की आयोडीन संपले असे समजून पुन्हा घालावे. प्राणिप्लवकासाठी ४ ते ५ टक्के फॉर्मॅलिन, टाकणखार (बोरॅक्स) घालून उदासीन केलेले. तसे न केल्यास ते आंबट होत जाते आणि चुन्याची कवचे विरघळतात. काम हवेशीर जागी, हातमोजे घालून करावे. पाणी दोन दिवस निवळू देऊन वरचे हलकेच नळीने काढावे व २० मिलीवर आणावे. १ मिलीच्या मोजणीपात्रात ३५० पेशी मोजल्या तर लिटरमागे ३५० × २० = ७,००० पेशी.

पारदर्शकता सेकी तबकडीने मोजतात : समुद्रासाठी ३० सेंमीची पांढरी तबकडी दोरीने सोडायची आणि दिसेनाशी होते ती खोली नोंदवायची. त्या खोलीच्या अडीच-तीन पटीपर्यंत प्रकाशसंश्लेषण चालते असे ढोबळ मानतात.

किनाऱ्यापासून दूर : कारवारला कोडीबाग येथे कर्नाटक विद्यापीठाचा सागरी जीवशास्त्र विभाग आहे. घाटावरच्या शाळा-महाविद्यालयाला मात्र तारलीही पुरते. बेळगावच्या मासळी बाजारात बर्फातून आलेली ताजी तारली घ्यावी आणि कल्ल्याची झडप उचलावी. कल्ल्याच्या कमानीवर दाट फणी दिसते. खालच्या बाजूला १५० ते २५० दात मोजता येतात. ही माशाची गाळणी. बांगड्याची फणी शेजारी ठेवून पाहिल्यास ती विरळ असल्याचे लगेच कळते. मग जठर चिरून आतला हिरवट-तपकिरी लगदा थेंबभर पाण्यात मिसळावा व १०० ते ४०० पट मोठा करून पाहावा. बर्फ कमी पडलेल्या माशात पाचकरस काम चालूच ठेवतात आणि कोपेपॉडांचे नुसते पाय-शेपट्या उरतात. डायाटमांची सिलिका पचत नाही. कॉसिनोडिस्कसच्या नक्षीदार चकत्या जठरात अखंड सापडतात.